पट्टी उघडण्याआधीची कामं

दिवसातून दोनदा ड्रेसिंग केलं की जखम लवकर भरते, असा समज घराघरांत आहे. मधुमेह असलेल्यांच्या तळपायाला जखम झाली की महिनोन् महिने ड्रेसिंग चालतं. तिथे हा समज फार महाग पडतो.

पट्टी सुटली की जखम गार पडते आणि तिची ओल उडते. नव्या कातडीच्या पेशींना पुढे सरकायला ऊब आणि ओलावा, दोन्ही लागतात. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास करून १९६२ साली हे दाखवून दिलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धरली होती. ‘वारं लागू दे, खपली धरू दे’ हा सल्ला तरीही आपल्याकडे अजून टिकून आहे. कडक खपली धरली की पेशींना तिच्याखालून, जिथे ओल असेल तिथून वाट काढावी लागते.

ड्रेसिंगमध्ये बराच वेळ कशात जातो? चिकटलेला गॉज काढण्यात. जखमेचा पाझर गॉजच्या धाग्यांत वाळतो. मग गॉज ओढला की त्याबरोबर नुकतंच धरलेलं लाल, दाणेदार मांस निघतं, रक्त येतं, पेशंट पाय आखडून घेतो आणि ते आवरण्यातच वेळ जातो. म्हणून आधी चिकटपट्टी सोडवावी, गॉजवर कोमट सलाईन ओतावं आणि तो भिजेपर्यंत ट्रे लावून घ्यावा: हातमोजे, नवा गॉज, कात्री, बँडेज, कचऱ्याची पिशवी. जखम उघडी ठेवून कात्री शोधत फिरणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. वेदनाशामक गोळी लिहून दिलेली असेल तर ती अर्धा तास आधीच द्यावी.

गॉज चिकटूच नये यासाठी पॅराफिन लावलेली जाळी मिळते. ती परवडत नाही तिथे काय करायचं, हा प्रश्न मुंबईतल्या डॉक्टरांनी मनावर घेतला. डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या. पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं. गुळगुळीत पान चिकटत नाही, त्यामुळे काढताना दुखतही नाही. अर्थात ही पानं निर्जंतुक केलेली होती. अंगणातलं पान तोडून घरी हा प्रयोग करू नये.

धुण्यासाठी साधं सलाईन बहुतेक वेळा पुरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं, म्हणून ते जोरदार काम करतंय असं वाटतं. पण जंतूंबरोबर ते नव्या पेशीही मारतं. ते रोज ओतण्यात काही हशील नाही. वॉर्डात अनेक पेशंट असतील तर स्वच्छ जखमा आधी आणि पू असलेल्या शेवटी घ्याव्यात. प्रत्येक पेशंटनंतर हातमोजे बदलावेत आणि हात स्वच्छ करावेत.

ड्रेसिंग कधी बदलायचं, हे पाझर किती आहे आणि कोणतं ड्रेसिंग लावलंय यावर ठरतं. पट्टीवर ओला डाग उमटला की पेनाने त्याची कड आखावी आणि तारीख-वेळ लिहावी. डाग रेषेच्या आतच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत थांबता येतं. पट्टीच्या काठापर्यंत ओल पोचली किंवा पट्टी सुटली तर मात्र ती लगेच बदलावी. दुर्गंधी, भोवतालची लाली पसरणं किंवा ताप यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असू शकतात, तेव्हा दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आठवड्यातून एकदा, शेजारी मोजपट्टी धरून जखमेची लांबी-रुंदी मोजावी आणि फोटो काढावा. चार आठवड्यांत तळपायाच्या जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर उपचारच नव्याने तपासायला हवेत. रक्तपुरवठा पुरेसा आहे का, हाडापर्यंत जंतू पोचलेत का आणि पेशंट अजून त्याच पायावर भार टाकून चालतोय का, हे डॉक्टरांना विचारावं. हा भार हटवायला प्लास्टर किंवा खास पादत्राणं मिळतात.