लहान कुत्र्याचा अवचित खोकला

दिवाळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यांत सोयाबीनची मळणी उरकत येते आणि कपाशीची वेंचणी सुरू होते. हवेंत कुटाराची धूळ असते. रात्रीं गारवा पडूं लागतो. अशा एखाद्या रात्रीं चिखलीच्या वा मेहकरच्या एखाद्या घरीं निजलेलें लहानसें पामेरियन कुत्रें एकदम उठतें, मान ताणतें आणि घोगऱ्या आवाजानें खोकूं लागतें. शेवटीं थोडा पांढरा फेस ओकतें. घशांत हाड अडकलें असें कोणी म्हणतो. कोणी मुलांच्या खोकल्याची बाटली काढतो. खरा प्रश्न एवढाच असतो : रात्रींच डॉक्टर गांठावा, कीं सकाळपर्यंत थांबावें? त्याचें उत्तर कुत्र्याच्या श्वासांत असतें.

खोकला हा स्वतः रोग नव्हे. श्वासमार्गांत कांहीं टोंचलें, सुजलें वा सांचलें म्हणजे तें बाहेर टाकण्याची ती शरीराची खटपट होय. म्हणून प्रथम दिवा जवळ घेऊन जीभ व हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असून दोन उबळींच्या मध्यें श्वास सहज चालत असेल, तर बहुधा सकाळपर्यंत धीर धरतां येतो. त्या निळसर वा पांढुरक्या पडल्या, श्वासासाठीं पोट जोरानें हलूं लागलें, किंवा कुत्रें कोसळलें, तर क्षणाचाहि विलंब नको. कुत्रें पंजांनीं तोंड ओरबाडीत आहे आणि आवाज फुटत नाहीं, असें दिसल्यास घशांत कांहीं अडकलें असावें. वस्तु दिसत असेल तरच ती काढावी. न पाहतां बोट घातल्यास ती अधिक आंत जाते. ती निघत नसेल तर लहान कुत्र्याचे मागील पाय उचलून, डोकें खालीं करून, खांद्यांच्या मध्यें चार-पांच थापा माराव्या व लगेच दवाखाना गांठावा.

धोका नसेल तर आवाज नीट ऐकावा. हवा नाकानें आंत ओढल्यासारखा घुर्र घुर्र आवाज होऊन मिनिटभरांत सर्व शांत झालें, तर तो खोकला नव्हे, उलटी शिंक होय. ती बहुधा निरुपद्रवी असते. मात्र माळावरून आल्यावर सारख्या शिंका येऊं लागल्या व एका नाकपुडींतून रक्त आलें, तर नाकांत कुसळ शिरल्याचा संशय घ्यावा.

हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा आवाज, विशेषतः आनंदानें उड्या मारतांना वा गळपट्टा ओढला असतां, येत असेल, तर श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नलिका चपटी होत असावी. लहान जातींत हा विकार नेहमींचा आहे. गळपट्ट्याऐवजीं छातीला बांधावयाचा पट्टा वापरावा, वजन वाढूं देऊं नये व धूर टाळावा. इतर कुत्र्यांत मिसळल्यावर आठवडाभरांत खोकला लागला आणि खाणेंपिणें ठीक असेल, तर तो सांसर्गिक खोकला असूं शकतो. तो पुष्कळदां दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. तोंवर कुत्रें वेगळें ठेवावें. लस न टोंचलेल्या पिलाच्या डोळ्यानाकांतून स्राव येऊन ताप भरला, तर डिस्टेंपरची शंका धरून त्याच दिवशीं दाखवावें.

वयस्क लहान कुत्रें रात्रीं खोकत असेल तर हृदयाची झडप गळत असण्याचा संभव असतो. तें गाढ झोपलें असतां छातीचे चढउतार मिनिटभर मोजावे. ते वारंवार तिसांहून अधिक भरले तर तपासणी लांबवूं नये.

माणसांचें औषध मात्र देऊं नये. पॅरासिटामॉलनें यकृतास इजा होऊं शकते, आयबुप्रोफेननें जठर व मूत्रपिंडें बिघडतात, आणि कांहीं साखरविरहित औषधांतील झायलिटॉलनें रक्तांतील साखर एकाएकीं खालीं येते. खोकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत बळेंच दूध ओतल्यास तें फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें.

दवाखान्यांत गेल्यावर कुत्रें बहुधा खोकतच नाहीं. म्हणून घरींच मोबाईलवर त्या उबळीचें चित्रण करावें आणि वेळ, आवाज व श्वासांची संख्या टिपून ठेवावी. अधिक तपासणी लागल्यास शेजारीं अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. मुक्या जनावरास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. मालकानें नीट ऐकलेला खोकलाच डॉक्टरापुढें त्याची साक्ष देतो.