चालकाची पाठ

दिवाळी उलटली की बेळगावच्या परिसरात उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर पाणंदीतून डुलत बाहेर पडतात आणि साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. रंगीत गोंडे, कर्ण्यांतून घुमणारी गाणी आणि मागे उसाचा डोंगर! पाहणाऱ्याला मोठी मौज वाटते; पण पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीचा विचार सहसा कोणी करीत नाही. कारखान्याच्या रांगेत कंबर ताठ करीत उभ्या असलेल्या अशाच एका चालकाला आम्ही सहज विचारले, "काय हो, पाठ दुखते का?" तो हसून म्हणाला, "दुखतीया की! ट्रॅक्टरवाल्याची पाठ दुखायचीच."

ते 'दुखायचीच' आमच्या मनातून जाईना. हे दुखणे खरोखरच अटळ आहे काय?

मोटारीला असतात तशा स्प्रिंगा बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या आसाला नसतात. टायरातील हवा हीच काय ती स्प्रिंग. त्यामुळे वाटेतला प्रत्येक खळगा सीटमधून थेट चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचतो. झोक्याला त्याच्या लयीत हात लावला की थोड्या जोरानेही तो उंच जातो. शरीराचेही तसेच आहे. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत अधिक साथ देते, आणि ट्रॅक्टरचे हेलकावे बरेचसे याच्याच जवळपासचे असतात. मणक्यांमधील चकत्या हे हादरे झेलतात. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आसपासच्या भागांतून झिरपूनच होते. म्हणून तिची झीज सहजी भरून येत नाही. त्यात मागचा ट्रेलर पाहण्यासाठी चालक वारंवार कंबरेतून वळतो, आणि पिळलेल्या कण्यावर बसलेला हादरा अधिक जाचतो.

पाठदुखीचे खापर केवळ कंपनांवर फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. तासन्‌तास एकाच जागी बसणे आणि ओझी उचलणे यांचाही त्यात वाटा असतो. तरीही हा विषय जगाने गांभीर्याने घेतला आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ मध्ये अशी कंपने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. जर्मनीत १९९३ पासून, दीर्घकाळ बसून सोसलेल्या उभ्या कंपनांमुळे होणारा कंबरेच्या चकत्यांचा विकार, काही अटींवर, व्यवसायजन्य आजार मानला जातो. युरोपीय संघाने २००२ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी ०.५ मीटर प्रति वर्ग सेकंद ही पातळी ठरविली. तिच्यापुढे मालकाने उपाय योजणे बंधनकारक आहे. १.१५ ही कमाल मर्यादा.

या हिशेबात एक मर्म आहे. हादऱ्याची तीव्रता दुप्पट झाली की तीच पातळी गाठायला निम्मा नव्हे, एक चतुर्थांश वेळ पुरतो. ०.५ च्या हादऱ्याला आठ तास लागतात, तर १ च्या हादऱ्याला दोनच तास. म्हणजे खडबडीत पाणंदीत वेग कमी ठेवण्याने मिळणारा लाभ दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

दुसरा उपाय सीटचा. सीटवर पोत्याची घडी किंवा जाड गादी टाकली की काम झाले, असा आपला समज असतो. बसायला ती मऊ लागते हे खरे. पण नुसती गादी मंद हेलकावे कमी करीत नाही, उलट कधीकधी वाढविते. हादरा रोखण्याचे काम सीटखालची स्प्रिंग आणि दट्ट्या करतात. ज्या सीटला चालकाच्या वजनानुसार ताण बदलण्याची सोय असते, तिथे तो बदलायलाच हवा. भारदस्त माणसासाठी आवळलेली स्प्रिंग सडपातळ माणसाला दाद देत नाही, आणि सैल ठेवलेली वजनदार माणसाखाली तळाला आदळते. घरातील दोन भाऊ आळीपाळीने ट्रॅक्टर चालवीत असतील, तर पाळी बदलताना हे अर्ध्या मिनिटाचे काम विसरू नये.

टायरातील हवा ठरल्याप्रमाणे राखावी. रांगेत थांबावे लागले तर खाली उतरून चार पावले चालावे. दिवसभराच्या हादऱ्यांनी पाठीचे स्नायू थकलेले असतात, म्हणून उतरल्याबरोबर पोते उचलू नये. थोडे फिरून मगच ओझ्याला हात घालावा. कळ पायात उतरू लागली वा पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टा आवळून हंगाम रेटण्यापेक्षा डॉक्टरांना गाठणे शहाणपणाचे.

आपल्याकडे बैल पोसताना त्याच्या खांद्याला सूज आली की घरातली माणसे अस्वस्थ होत; जू तपासले जाई, तेल-हळद लागे. ट्रॅक्टर आला, त्याच्या इंजिनाला वेळच्या वेळी तेल मिळते, कर्ण्यांवरही हौसेने खर्च होतो. यंदा हंगामापूर्वी त्या सीटखाली वाकून स्प्रिंगही एकदा पाहावी. घराचा भार ज्या पाठीवर आहे, तिचा तेवढा मान आपण राखलाच पाहिजे.