देवमाशांचा करार आणि त्यातल्या पळवाटा
1946 साली वॉशिंग्टनमध्ये देवमाशांच्या शिकारीबाबत करार झाला. तो शिकार थांबवण्यासाठी नव्हता. देवमासे टिकले तरच धंदा चालेल, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. त्यातूनच आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला. सुरुवातीला अंटार्क्टिक समुद्रातला कोटा जातवार नसे. सगळे ‘निळ्या देवमाशा’च्या मापात मोजत: एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. मग प्रत्येक जहाज आधी निळ्याच्याच मागे लागले, यात नवल ते काय!

1982 मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली. 1985-86 च्या हंगामापासून ती लागू झाली. पण मुदतीत हरकत नोंदवणाऱ्या देशावर असा ठराव बंधनकारक नसतो, अशी सोय करारातच आहे. नॉर्वेने ती वापरली आणि 1993 पासून शिकार पुन्हा सुरू केली. जपानने आठव्या कलमाचा आधार घेतला. त्यानुसार संशोधनासाठी शिकारीचे परवाने प्रत्येक देश स्वतःच देऊ शकतो, आणि मारलेला प्राणी वाया घालवायचा नाही, असेही तेच कलम सांगते. म्हणजे मोजमापे झाली की मांस बाजारात. जपानचा अंटार्क्टिकमधला कार्यक्रम संशोधनासाठी नाही, असा निकाल 2014 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. 2019 मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला. आता तो आपल्या सागरी हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार करतो. अंटार्क्टिकमधली मात्र त्याने थांबवली.

अलास्का, ग्रीनलंड अशा ठिकाणच्या मूळ रहिवाशांना पोटापुरत्या शिकारीची मुभा आहे, तीही आयोगाने ठरवलेल्या कोट्यात. आपला अरबी समुद्र तर 1979 पासून आयोगाने देवमाशांसाठी राखलेल्या हिंदी महासागर अभयारण्यात येतो.