कार्बन बदला, मशीन वाचवा!

प्रोजेक्टचे दिवस आले की वर्कशॉपमधल्या हँड ड्रिलला जराही उसंत नसते. एकाचं भोक पाडून होतं न होतं तोच दुसरा रांगेत उभा! मग एक दिवस मशीन अडखळायला लागतं, मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो, "मोटर गेली!" पण पुष्कळदा गेलेला असतो तो फक्त कार्बन.

वायरवर चालणाऱ्या बहुतेक ड्रिलमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या आर्मेचरला करंट कसा द्यायचा? त्यासाठी कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर तांब्याच्या कॉम्युटेटरला टेकवलेले असतात. कार्बन तांब्यापेक्षा मऊ, म्हणून झिजतो तो कार्बन. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. स्वस्त भागाने झिजावं आणि महाग भागाला वाचवावं!

पण कार्बन फारच आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, संपर्क तुटतो-जुळतो आणि ठिणग्या वाढतात. त्यांनी कॉम्युटेटरला खड्डे पडतात. खडबडीत कॉम्युटेटर मग नवा कार्बनही भराभर खातो. शेवटी आर्मेचरच बदलावं लागतं. थोडक्यात, किरकोळ खर्च टाळायला जावं आणि मोठा खर्च अंगावर यावा, अशी गत.

कार्बन बदलणं अवघड नाही. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. बऱ्याच मशीनला दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हरने उघडणारी टोपणं असतात. नसतील तर बॉडी उघडावी लागते. ते काम वर्कशॉपच्या सरांसमोरच करा. कार्बन खुणेपर्यंत झिजला असेल तर दोन्ही एकदम बदला, आणि त्याच मापाचे घ्या. होल्डरमध्ये ते सहज सरकले पाहिजेत. नंतर काही मिनिटं मशीन लोड न देता चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतं. बारीक ठिणग्या चालतात. पण कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसलं तर लगेच थांबा.

आणखी एक गोष्ट. मोटरला गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. आपण जोर लावून ड्रिल दाबलं की वेग घटतो, करंट वाढतो आणि हवा मात्र कमी होते. म्हणजे तापणं दुप्पट! बिटला धार नसेल तर बिट बदला, ताकद दाखवू नका. जाळीतली धूळ ब्लोअरने उडवा, गॉगल लावूनच. कॉम्युटेटरवर तेल सोडू नका. ते कार्बनच्या भुकटीत मिसळून चिखल होतो. ग्रीस फक्त गिअरला, तेही बेताने.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं मशीन डबल इन्सुलेटेड असतं, त्याला अर्थिंगची वायर नसते. पण धातूच्या बॉडीचं, तीन पिनांचं मशीन असेल तर वायरची टोकं काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचण्याचा हॉस्टेल-फॉर्म्युला तिथे अजिबात नको. अर्थिंग तुटलं आणि आत वायर सुटली, तर शॉक थेट हातात!

मशीन परत देताना "ठिणग्या जास्त येतायत" एवढं एक वाक्य सांगायला काय जातं? पुढे ते कुणातरी ज्युनियरच्या हातात जाणार असतं.