गुन्हा मोजायलाही शिकले पाहिजे

शहाड ते बदलापूर या पट्ट्यात काम करताना आम्हाला तरुण हमखास विचारतात, "आपल्या भागात ॲट्रॉसिटीचे गुन्हे वाढलेत की कमी झालेत?" मत प्रत्येकाकडे असते, पुरावा फार थोड्यांकडे. तो पुरावा कसा गोळा करायचा हे गुन्हेशास्त्रातील संशोधनपद्धती शिकवते. एम.ए.चे बहुतेक विद्यार्थी या विषयाला कंटाळतात. आपल्या मुलांनी मात्र तोच मन लावून शिकावा, असे आम्हाला वाटते.

पहिला धडा आकड्याचा. 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल 1953 पासून निघतो. त्यात घडलेले गुन्हे नसतात, नोंदवलेले असतात. ज्या ठाण्यात तक्रार सहज घेतली जाते तिथे आकडा फुगतो. जिथे फिर्यादीला परत पाठवतात तिथे 'शांतता' दिसते. म्हणून संशोधक थेट वस्तीत जाऊन पीडितांचे सर्वेक्षण करतो आणि ठाण्याच्या नोंदींशी ताडून पाहतो.

दुसरा धडा वर्गवारीचा. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजी घडले. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. नुसते निकाल मोजणाऱ्याच्या तक्त्यात ही घटना 'खून' म्हणून बसेल आणि जात गायब होईल. त्यासाठी एफआयआर, आरोपपत्र आणि निकाल एकत्र वाचावे लागतात.

तिसरा धडा नीतीचा. आधारवाडी कारागृहातील कैद्याची मुलाखत परवानगीशिवाय घेता येत नाही. पण परवानगी मिळाली म्हणजे झाले असे नाही. गजाआडच्या माणसाचा होकार खरोखर मोकळेपणाने दिलेला आहे का, हे तपासावे लागते. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. संशय आधी आणि अभ्यास नंतर, असे झाले की काय होते ते आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना विचारा.

अभ्यासाने काय साधते? एका महिला पत्रकाराने तुरुंगांच्या नियमपुस्तिका तपासून जातीनुसार कामवाटप उघड केले. त्याच प्रश्नावरील त्यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले.

हे शिकायचे कुठे? 1936 साली सुरू झालेल्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाचे केंद्र आहे. कैद्यांसोबत काम करणारा तिचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून चालू आहे. शहाडहून कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडीला उतरले की संस्था जवळ. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजीची तयारी करावी. पात्र विद्यार्थ्यांनी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा.

प्रवेश मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या मंडळातील एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. आपल्या पोलीस ठाण्यात गेल्या पाच वर्षांत ॲट्रॉसिटीचे किती गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत 60 दिवसांत आरोपपत्र गेले, किती निकाल लागले, एवढेच विचारा. उत्तरांचा तक्ता जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे पाठवा. मोर्चात घोषणा हवीच. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला हातात कागदही हवा.

जय भीम!