मल्याळमची दुसरी पाळी

मुक्त सॉफ्टवेअरचा गट मोडल्याची बातमी होत नाही. कोडमधले बदल थांबतात, चुकांच्या नोंदी तशाच पडून राहतात, एवढेच. केरळातल्या ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’चे असेच झाले होते. बैजू एम. यांनी या शतकाच्या सुरुवातीला लिनक्सवर मल्याळम आणण्याचे काम सुरू केले आणि काही काळाने ते थंडावले. 2006 च्या सुमारास प्रवीण, संतोष तोट्टिंगल आणि त्यांच्या सोबत्यांनी ते पुन्हा हाती घेतले. तिथून पुढचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

या मंडळींनी आधी डोळ्यांना खुपणारी गोष्ट धरली. पडद्यावर मल्याळम जोडाक्षरे तुटत होती. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये अक्षरे मांडण्याचे काम पँगो ही लायब्ररी करी, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये क्यूटी. दोघांचे नियम वेगळे, त्यामुळे एकीकडे दुरुस्त झालेले अक्षर दुसरीकडे मोडकेच दिसे. ही दुरुस्ती किचकट, पण जमली की त्याच क्षणी दिसते. नव्या माणसाला टिकवून धरायला याहून चांगले काम नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्यातच एक जुने दुखणे येऊन मिळाले. 1971 मध्ये केरळ सरकारने टाइपरायटर आणि छपाईच्या सोयीसाठी लिपी सुटसुटीत केली. देवनागरी ‘रु’मध्ये उकार ‘र’च्या अंगातच मिसळतो, जुन्या मल्याळम लिपीत बहुतेक व्यंजनांचे तसेच होते. सुधारणेने तो उकार सोडवून बाजूला ठेवला. जुनी वळणे परत आणण्यासाठी आर. चित्रजकुमार आणि के. एच. हुसेन यांच्या ‘रचना’ चळवळीने 1999 मध्ये नऊशेंहून अधिक अक्षररूपांचा फॉन्ट घडवला. पुढे हा ‘रचना’ फॉन्ट युनिकोडमध्ये, मुक्त परवान्याने आला. हुसेन यांचा ‘मीरा’ही आला. लिपीवर जीव असलेली माणसे आणि कोड लिहिणारी पोरे एका कामावर आली. गट पुन्हा उभा राहिला तो या गाठीमुळे, असे मला वाटते. नुसत्या प्रोग्रामरांच्या बळावर तो फार दिवस तग धरता ना.

शाळांचाही हातभार मोठा. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स आले आणि मल्याळम टंकलेखन ही शिक्षकांची रोजची गरज झाली. महाराष्ट्रात ही साथ मिळाली नाही, याची हळहळ वाटते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केले, म्हणजे देवनागरीचा पाया आपल्याच गावात रचला गेला होता. त्याभोवती शिक्षक आणि मुद्रक मात्र जमले नाहीत.

2007 मध्ये, विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणणाऱ्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात केरळचा हा गट मार्गदर्शक संस्था झाला. चिल्लू, म्हणजे स्वर नसलेली व्यंजने, युनिकोडमध्ये कशी नोंदवावीत यावर कडाक्याचे वाद झाले. 2008 च्या युनिकोड 5.1 मध्ये निर्णय गटाच्या मताविरुद्ध गेला, तरी काम थांबले नाही.

2016 मध्ये संतोष तोट्टिंगल यांचा ‘मंजरी’ फॉन्ट आला. 2019 च्या ‘गायत्री’ची अक्षरे बिनॉय डॉमिनिक यांनी रेखाटली आणि त्यांना फॉन्टच्या नियमांत बसवण्याचे तांत्रिक काम काव्या मनोहर यांनी केले.