लिओटार्ड नावाचा माणूस

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या शाळेतून एक चिठ्ठी घरी आली. दोरीच्या मल्लखांबाच्या संघात तिची निवड झाली होती. खाली सामानाची यादी होती आणि तिसऱ्या ओळीत शब्द होता 'लिओटार्ड'. माझ्या भावाला तो कळेना. घरात बी. ए. झालेला मी एकटा, त्यात कविता करणारा, म्हणजे जगातले सगळे शब्द याच्या खिशात असणार, असा घरच्यांचा समज. आचऱ्याहून एस. टी. पकडून मालवणच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने बिबट्याच्या ठिपक्यांचा एक फ्रॉक माझ्यापुढे टाकला. "चाचा, लेपर्ड ह्योच!" दुसऱ्या दुकानातल्या मुलीने माझी सुटका केली. "काका, कॉश्च्यूम म्हणा ना. पोहायच्या कपड्यासारखा असतो तो."

मंडळी, हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचं आडनाव. ज्यूल लेओतार हा फ्रान्समधल्या तुलूझ शहरचा. वडिलांची व्यायामशाळा होती. खाली पोहण्याचा तलाव आणि वर टांगलेले झोके, असा या पोराचा सराव चाले. हात सुटला तर पाण्यात. १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसच्या सर्कशीत त्याने एक झोका सोडून, हवेतून जाऊन दुसरा पकडला. लोक वेडे झाले. पुढे लंडनही त्याने जिंकलं आणि १८७० मध्ये, ऐन तारुण्यात, तो वारला.

असं उडायचं तर सैल सदरा आणि विजार कशी चालेल? कुठे अडकलं तर जीवच जायचा. म्हणून त्याने अंगाला घट्ट बसणारा, विणलेला एकसंध कपडा घातला. तो स्वतः त्याला फ्रेंचमध्ये 'मायो' म्हणे. त्याचं आडनाव त्या कपड्याला चिकटलं ते इंग्रजांकडून, तेही तो गेल्यावर. म्हणजे आज जो कपडा आपण मुलींचा समजतो, त्याचं नाव एका पुरुषाचं आहे.

यात विणीला फार महत्त्व आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. ते ताणलं तर फाटतं. मोज्याच्या विणीत मात्र धागा फाशाफाशांनी गुंतलेला असतो. ओढला की फास लांबतो, सोडला की आखडतो. अमेरिकेत १९५८ मध्ये लायक्राचा धागा निघाला आणि या कपड्याचं ताणणं आणखी वाढलं.

अशी वीण आपल्याला काही नवी नाही. आमच्या पिरावाडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या अंगात जो गंजीफ्रॉक असतो, त्यातला 'गंजी' हा गर्न्सी नावाच्या बेटावरून आला. तिथल्या कोळ्यांचा तो विणलेला अंगरखा. कोळ्यांचा कपडा दर्यावरून फिरत शेवटी कोळ्यांकडेच आला, हे मला मोठं गमतीचं वाटतं. बनियनची कथा तर याहून वाकडी. आपल्याकडच्या वाण्यावरून साहेबाने शब्द उचलला आणि कपड्याच्या नावाने तो आपल्यालाच परत दिला. पाटलोण तर थेट लिओटार्डची बहीण. इटलीच्या जुन्या नाटकांत पांतालोने नावाचा म्हातारा सावकार असे, त्याच्या विजारीवरून ते नाव पडलं. ती घालताना कुणी विचारलं का, की हा कपडा आपला की परका?

पण लिओटार्डबद्दल विचारलं गेलं. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण चार माणसांत हे नको." भाऊ गप्प बसला. आणि खरं सांगतो, दुकानात तो कपडा हातात घेतला तेव्हा मीही बिचकलो होतो. मोकळेपणावर कविता लिहिणं सोपं असतं. पुतणीने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

वास्तविक महाराष्ट्रात असे कपडे दीडशे वर्षांपूर्वीच आले असणार. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून झोक्यावरची माणसं आपण तिकीट काढून पाहत आलो. दुसऱ्यांची मुलं असली की टाळ्या वाजवायला काही जात नाही! आणि हा वाद फक्त आमच्याच घरचा आहे असंही नाही. २०१५ मध्ये मलेशियाच्या फराह अॅन हिला या कपड्यावरून बोल ऐकावे लागले, तेही सुवर्णपदक जिंकल्यावर. उलट २०२१ मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणारा कपडा घालून उतरल्या. जिम्नॅस्टिक्सच्या नियमात तो बसत होताच. कुणी काय घालायचं ते आम्ही ठरवू, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

ती बातमी मी पुतणीला दाखवली. तिने ती तिच्या बाईंना दाखवली. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट मोकळं हवं, दोरी तिथे धरायची असते, बाकी हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. मग आमची अम्मा पुढे सरसावली. त्याच रंगाचं ताणणारं कापड आणून तिने कॉश्च्यूमला पाय जोडले. पहिल्याच सरावाला शिवण उसवली. मशीनचा सरळ टाका कापडाबरोबर ताणत नाही, दोरा तुटतो. अम्माने चष्मा लावून सगळी शिवण उसवली आणि हाताने नागमोडी टाके घातले. ते टिकले. ज्यांना हे नको होतं, त्यांना ती एवढंच म्हणाली, "चेडू पडाक नको, माका बाकी काय कळना नाय."

स्पर्धेला निघताना मी पुतणीला लेओतारची गोष्ट सांगितली. तिला त्याच्या कपड्यात काही रस नव्हता.

"तो पडायचा?" तिने विचारलं.

"पडत असेल. पण खाली तलाव होता."

"आमच्याकडे गादी असते," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून एस. टी.त चढली.